गार आवाजाचा जगू

जगू तांडेलच्या हातात तुम्ही काहीही द्या, तो आधी ते डोळ्याला लावतो. आरपार दिसतंय का बघतो. मग त्यात फुंकर मारतो. एवढं झाल्यावर आठवण राहिली तर तुम्हाला नमस्कार करतो.

आमच्या मुलीच्या लग्नात विहीणबाईंनी त्याच्यापुढे बशी धरली. बशीत त्या पिवळ्या तळलेल्या नळ्या होत्या, लहान मुलं बोटांत घालून खातात त्या. जगूने एक नळी उचलली, डोळ्याला लावली, आणि तिच्यातून विहीणबाईंकडे बराच वेळ पाहत राहिला. मग नळी बशीत परत ठेवून म्हणाला, "नाय चालणार. भिंत जाड हाय. आणि तेल सुटतंय."

विहीणबाईंनी ते आमच्या पाहुणचाराबद्दल धरलं. अजूनही धरतात.

डहाणूपासून तलासरीपर्यंत बऱ्याच लोकांना जगू वेडा वाटतो. त्यांतल्या निम्म्यांना तो माझ्यामुळे वाटतो, आणि म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. माझं वय आता शहात्तर. अक्षर वाकडं येतं, पण आठवण सरळ येते. जे घडलं ते घडलं तसं सांगतो.

मी तलासरीच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचो. राहायला डहाणूत. रोज एसटीने जा-ये. जगू चिंचणीचा. बाप, भाऊ, चुलते सगळे होडीवर. हा मात्र लहानपणापासून होडीत उलट्या काढायचा, म्हणून घरच्यांनी त्याला कंटाळून किनाऱ्यावर सोडून दिला. किनाऱ्यावर त्याने लाउडस्पीकरचा धंदा काढला. लग्न, सत्यनारायण, निवडणूक, क्रिकेटचे सामने, सगळीकडे जगूचे भोंगे. विवळवेढ्याच्या यात्रेत हरवलेल्या माणसांची घोषणाही तोच करायचा. एकदा त्याच्याकडे एक रडणारं पोर आणून दिलं. पोराला स्वतःचं नाव सांगता येईना, आईचंही येईना. जगूने माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "एक आई हरवलेली हाय. आईचं नाव माहीत नाय. तरी आईने स्वतःला ओळखावं आणि मंडपात यावं." पाच बायका धावत आल्या. त्यांतली एक बरोबर निघाली.

धंदा असा आवाजाचा, पण माणूस कमालीचा कमी बोलणारा. कुणी भांडायला लागलं, कुणी भाषण लांबवलं, कुणी आपलं दुखणं तिसऱ्यांदा सांगायला घेतलं, की जगू म्हणणार, "आवाज वाया घालवू नका." हे तो सरपंचालाही म्हणाला आहे आणि एका कीर्तनकारालाही. त्याच्या चिंचणीच्या खोलीत रेडिओ नाही, टीव्ही नाही. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतो, "रोज दुसऱ्यांच्या लग्नाला जातो, पुरे की. बराबर ने?"

वेड लागलं ते मात्र माझ्या वर्गात.

शाळेचा भोंगा बिघडला होता म्हणून जगू खिडकीबाहेर शिडीवर चढून काम करत होता. आत मी नववीला ध्वनी शिकवत होतो. मुलं पेंगत होती. त्यांना जागं करायला मी एक गंमत सांगितली. ती मी एका प्रशिक्षणात ऐकली होती आणि मला स्वतःला अर्धीच कळली होती. मी म्हणालो, "मुलांनो, आवाजाने वस्तू थंड करता येते. गॅस नको, कॉम्प्रेसर नको. एक बंद नळी, तिच्या एका तोंडाला स्पीकर, आणि आत बारीक बारीक भोकांचा एक गठ्ठा. आवाज सुरू केला की गठ्ठ्याची एक बाजू तापते आणि दुसरी गार पडते."

मुलं पेंगतच राहिली. शिडीवरून पक्कड खाली पडली.

आठ दिवसांनी जगू घरी आला. चप्पल न काढताच दारातून म्हणाला, "मास्तर, ते परत सांगा."

मी परत सांगितलं. अर्धी कळलेली गोष्ट माणूस पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो, तसं. जगूने ऐकून घेतलं आणि मग मलाच समजावलं. "म्हणजे आवाज ही हवेची ढकलाढकली. दाबली की तापणार, सैल सोडली की निवणार. भोकाच्या भिंतीला घासून जाताना ती इकडची ऊब उचलणार नि तिकडं टाकणार. आमच्या बाया होडीपासून वरपर्यंत रांगेत उभ्या राहतात ना? एकीने टोपली दुसरीकडं द्यायची, दुसरीने तिसरीकडं. कोण दोन पावलांच्या वर चालत नाय, पण मासळी वर जाते. तसंच हे. फक्त सेकंदाला दोनशे खेपा."

तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. ही रांग मला कधी दिसली नव्हती.

त्या दिवसापासून जगूचं आयुष्य भोकांना वाहिलं गेलं. गठ्ठा कशाचा करायचा हा त्याचा प्रश्न होता. भोकं हवीत बारीक, सरळ आणि सारखी. भिंत हवी पातळ. आणि वस्तू हवी अशी की जी लोक फेकतात. "विकत घेतली तर मग फ्रीजच घ्या की," हे त्याचं शास्त्र.

पहिल्यांदा आल्या शहाळ्याच्या गाड्यांवरच्या नळ्या. डहाणूच्या समुद्रावर लोक शहाळं पीत असायचे आणि जगू त्यांच्या बाजूला उभा असायचा. आईबाप पोरांना जवळ ओढून घ्यायचे. नळ्या गोळा करून, धुऊन, कापून त्याने त्यांचा गठ्ठा बांधला. चालला, पण बेताचा. मग त्याने मक्याची कणसं पोखरली. ती मुंग्यांनी नेली. मग रानशेतहून सुकलेली घोसाळी आणली, अंग घासायला वापरतात ती. घोसाळ्याने काम झकास केलं, फक्त दमट हवेत आठ दिवसांनी त्याला असा वास सुटला की शेजाऱ्यांनी मेलेली घूस शोधायला जगूच्याच खोलीची कौलं काढली.

"मास्तर," तो एकदा गंभीरपणे म्हणाला, "देवाने माणसाच्या अंगात एवढी भोकं केली, पण एक सरळ नाय."

शेवटी उत्तर मिळालं ते एक्स-रेच्या जुन्या फिल्ममध्ये. फिल्म पातळ, गुळगुळीत, न कुजणारी. तिच्यावर ओळीने तंगूस चिकटवायचा, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा बारीक दोरा, त्यात चिंचणीच्या माणसाला कुणी शिकवायला नको. मग फिल्मची सुरळी करायची. दोऱ्याच्या जाडीएवढी फट दोन थरांत राहते. झाली हजार सरळ भोकं. बाहेर प्लंबरकडचा पीव्हीसीचा तुकडा. तोंड हवाबंद करायला डहाणूच्या कारखान्यातले नापास फुगे. आतल्या गार टोकाला अॅल्युमिनिअमची, नळीबाहेर डोकावणारी एक कडी, म्हणजे गारवा बाहेर डब्यात उतरेल. आणि स्पीकर जगूच्याच फुटक्या सामानातला.

एक्स-रे तो दवाखान्यांच्या दारात उभा राहून मागायचा. बरे झालेले लोक द्यायचे. माझ्याकडूनही त्याने माझ्या गुडघ्याचा नेला. "मास्तर, तुमचा गुडघा आता तरी कामाला येईल," म्हणाला.

मी त्याला हसायचो. "अरे, औषधाची शिशी गारच ठेवायची ना? ओल्या वाळूत माठ ठेव की. आपले आजे-पणजे काय फ्रीज वापरायचे?"

"माठ उन्हाळ्यात राजा. पावसाळ्यात हवाच ओली असते, पाणी उडणार कसं? तेव्हा माठ रुसतो. आणि वीज कधी जाते? पावसाळ्यात. बराबर ने?"

बरोबर होतं. या किनाऱ्यावर जन्म काढून मला ते कधी सुचलं नव्हतं.

औषधाचा विषय उगाच निघाला नव्हता. रानशेतच्या कमलताई, आशा सेविका, पाड्यापाड्यांवर औषधं पोचवायच्या. त्यांच्या भागात इन्सुलिनवर असलेली काही माणसं होती आणि घरात फ्रीज असलेलं त्यांतलं एकही नव्हतं. जगूने त्यांना शब्द दिला होता, की बॅटरीवर चालणारा डब्याएवढा फ्रीज तुम्हाला करून देतो, दोन शिश्या मावतील. कमलताई प्रत्येक वेळी भेटल्या की विचारायच्या, "जगूभाऊ, माझं मशीन?" आणि जगू म्हणायचा, "गाणं शिकवतोय त्याला."

एका संस्थेने गावोगावच्या कल्पक माणसांना मदत करायचं ठरवलं होतं. मीच अर्ज लिहिला. तीन माणसं बघायला येणार असं पत्र आलं. त्यांना पसंत पडलं तर जगूला छोटी कार्यशाळा मिळणार होती, आणि पहिले डबे रानशेतला जाणार होते. जागा आमच्या शाळेची ठरली. यंत्र जगूचं, समजावून सांगणार मी. तशी माझीच अट होती. "तू बोलू नकोस, तुला जमणार नाही," असं मी त्याला म्हटलं होतं. हेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी मी रिक्षातून नळी मांडीवर घेऊन निघालो. शाळेचे दोन काचेचे थर्मामीटर खिशात. तलासरी नाक्याच्या गतिरोधकावर रिक्षा उडाली, नळी आधी लोखंडी दांड्यावर आणि मग माझ्या छातीवर आदळली, एक थर्मामीटर खिशातच फुटला. मी कुणाला सांगितलं नाही. नळीला थर्मामीटर घालायला दोन भोकं होती, गठ्ठ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. जगूने मला दहा वेळा सांगितलं होतं, "स्पीकरकडची बाजू गार. बंद तोंडाकडची गरम." मी दहाही वेळा मान हलवली होती. पण माझ्या डोक्यात काही वेगळंच पक्कं होतं. स्पीकर तापतो, म्हणजे स्पीकरकडची बाजू गरम असणार. साधी गोष्ट आहे. मी शिक्षक आहे.

हॉलमध्ये मुलं ओळीने खाली बसलेली. समोर खुर्च्यांवर तिघे पाहुणे. मी फळ्यावर नळी काढली, बाण काढला, बंद तोंडाकडे 'थंड' असं ठसठशीत लिहिलं, आणि उरलेला एकुलता एक थर्मामीटर त्या बाजूच्या भोकात घातला. जगू दूर अॅम्प्लिफायरपाशी, पाठ करून, कानांत कापूस घालून उभा. मी हात वर केला. त्याने आवाज सुरू केला.

मी पारा मोठ्याने वाचू लागलो. "एकतीस... बत्तीस... तेहतीस..." मला वाटलं, आधी चढेल, मग उतरेल. "पस्तीस... सदतीस..."

पाहुण्यांपैकी एकजण हसला. "सर, हा फ्रीज आहे की गिझर?"

मुलं आधी दबून हसली, मग मोकळी हसली. आवाज बंद झाला. जगू कानातला कापूस काढत आला. त्याने थर्मामीटरकडे पाहिलं. फळ्यावरच्या बाणाकडे पाहिलं. मुलांकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा घेऊन तो नळीवर वाकला, तिची स्पीकरकडची कडी पुसली, घाम पुसावा तशी सगळ्या बाजूंनी, आणि पंचा तिच्यावर तसाच टाकला.

"साहेब, माझी चूक झाली," तो म्हणाला. "ट्यूनिंग चुकलं."

पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी मी फळा पुसायला परत आलो. थर्मामीटर अजून भोकातच होता. मी त्याच्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, स्पीकर कुठे आहे ते पाहिलं. आणि मला कळलं. जगू बाहेर टेम्पोत भोंगे भरत होता. वीस पावलांवर. मी फळा पुसला, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतर जगूला नाव पडलं 'गिझर'. लग्नांत पोरं ओरडायची, "गिझर, गाणं लाव!" यात्रेत कुणीतरी त्याच्या भोंग्यावर खडूने 'गरम पाणी मिळेल' असं लिहिलं. ते सगळं ठीक. पण कमलताई एके दिवशी चाचरत म्हणाल्या, "जगूभाऊ, राहू द्या मशीन. लोक म्हणतात, त्यात औषध शिजेल." जगू म्हणाला, "बराबर हाय त्यांचं." हे माझ्यासमोर झालं. मी तेव्हाही गप्प बसलो. इतक्या दिवसांनी सांगितलं तर लोक काय म्हणतील, असं वाटलं. पुढे तर ते दिवस वाढतच गेले.

त्याच वर्षी आमच्या हिला, सुमतीला, इन्सुलिन सुरू झालं. पावसाळा लागायच्या आधी जगू एक लाकडी पेटी घेऊन आला. आत भाताचा तूस भरून त्याने आवाज कोंडला होता. बाजूला स्टीलचा छोटा डबा. पेटी ओट्यावर ठेवून म्हणाला, "वहिनी, ट्यूनिंग सापडलं."

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! त्याला आपलं आपण सापडलं. म्हणजे आता मी सांगायची गरज उरली नाही. भित्र्या माणसाला देव अशा पळवाटा पुरवत असतो.

पेटी भिंतीआड कुणीतरी गाणं विसरून नुसतंच गुणगुणावं तशी गुणगुणते. पहिल्याच मोठ्या वादळात वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. आमचा मोठा फ्रीज नुसतं कपाट झाला. ओट्यावरची पेटी मात्र बॅटरीवर गुणगुणत राहिली. बर्फासारखं गार नव्हे, विहिरीच्या तळासारखं गार. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याला तेवढं पुरेसं होतं. सुमतीची एकही शिशी वाया गेली नाही. आज सकाळी तिने माझ्या चहात साखर जास्त पडली म्हणून मला झापलं. ते झापणं मी जगूच्या खात्यावर जमा धरतो.

म्हणजे बघा. बाहेर जग त्याला गिझर म्हणत होतं, आणि माझ्या ओट्यावर रोज पुरावा गुणगुणत होता.

पेटी आल्यापासून जगू दर गुरुवारी अकराच्या सुमाराला येतो. पेटीच्या मागची खिट्टी अर्धा वळसा इकडे, पाव वळसा तिकडे फिरवतो, कान लावतो, "बराबर" म्हणतो. तोवर जेवायची वेळ होते. "एवढ्या उन्हाचं कुठं जाताय?" असं सुमती म्हणते. "वहिनी म्हणतात म्हणून," असं तो म्हणतो. ताटावर बसतो आणि भाकरी मोडण्याआधी तिच्यातून आरपार बघतो. तिला भोक नसतं. तरी बघतो.

एकदा मी सुमतीला म्हटलं, "फार नाजूक यंत्र दिसतंय. दर आठवड्याला सूर लावायला लागतो."

ती म्हणाली, "अहो, त्या खिट्टीला मागे वायरच नाही. मी पहिल्याच महिन्यात तूस बदलताना पाहिलंय."

"मग तो येतो कशाला?"

"तुम्ही विज्ञान कसं शिकवलंत हो इतकी वर्षं?" ती म्हणाली, आणि गुरुवारची डाळ भिजत घालायला उठली.

गेल्या महिन्यात शाळेतून धोडी मॅडमचा फोन आला. माझीच विद्यार्थिनी, आता तिथे विज्ञान शिकवते. शाळेत परिसरातल्या लोकांच्या प्रयोगांचं प्रदर्शन भरणार होतं. ती म्हणाली, "सर, जुन्या फाइलीत जगूकाकांच्या फ्रीजवर एकच ओळ आहे: प्रयोग फसला. मी तेव्हा तिसऱ्या ओळीत बसले होते. सगळ्यांबरोबर हसलेही होते. पण तेव्हापासून मला एक प्रश्न आहे. तापला तरी एक बाजू तापली ना? मग दुसऱ्या बाजूचं काय झालं? ती कुणी मोजलीच नाही."

तिसऱ्या ओळीतल्या मुलीला जो प्रश्न पडला, तो पहिल्या ओळीतल्या साहेबांना पडला नव्हता. आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो गप्प होता.

पुढच्या गुरुवारी जगू जेवायला बसल्यावर मी म्हणालो, "जगू, त्या दिवशी शाळेत तुझं यंत्र चुकलं नव्हतं. थर्मामीटर मी चुकीच्या भोकात घातला होता. मला त्याच संध्याकाळी कळलं. तुला सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलं नाही."

जगूने आमटीचा भुरका मारला.

"वहिनी," तो म्हणाला, "आमटीत आज चिंच जरा पुढं गेली."

"जगू, मी काय म्हणतोय?"

"ऐकलं की. आवाज वाया घालवू नका." मग तो हात न धुताच उठला, ओट्याकडे गेला, पेटीचं झाकण काढलं, तूस बाजूला सारला. "भोकं मोजा, मास्तर."

आत नळी होती. पांढऱ्या पीव्हीसीवर, त्या दिवशी रिक्षाच्या दांड्यावर आदळून उमटलेला चरा अजून दिसत होता. ती तीच नळी होती. स्पीकरकडे एक भोक. बंद तोंडाकडचं दुसरं भोक एम-सीलने बुजवलेलं, आणि त्या राखी लेपावर अंगठ्याचा स्वच्छ ठसा. एवढी वर्षं ओट्यावर होती. मी आत कधी डोकावलो नव्हतो.

"हे कधी बुजवलंस?"

"त्याच दिवशी, घरी गेल्यावर. म्हटलं, परत कुणाची फजिती नको."

"म्हणजे तुला तेव्हाच..."

"मास्तर, माझं यंत्र हाय. कडीवर दव धरलं होतं, एवढं. लोकांना दिसलं असतं. म्हणून तर पुसलं."

सुमती आमटीचा डाव घेऊन ओट्यापाशी आली.

"पण का रे? कार्यशाळा गेली. कमलताईंचं मशीन गेलं. लोक तुला इतकी वर्षं..."

जगू तूस परत चापून बसवत होता. माझ्याकडे न बघताच बोलला. "पोरं बसली होती समोर. तुम्हाला सोमवारी त्याच फळ्यापाशी उभं राहायचं होतं. माझं काय? मला लग्नात भोंगाच लावायचा होता."

त्यानंतर त्याने ती बिनवायरची खिट्टी अर्धा वळसा इकडे, पाव वळसा तिकडे फिरवली. "बराबर," म्हणाला, आणि ताटावर येऊन बसला.

प्रदर्शनाला यायला तो तयार नव्हता. सुमतीने त्याला एकाच वाक्यात तयार केलं: "नाही आलात तर गुरुवारी दार उघडायची नाही मी." दोन्ही बाजू मोजायच्या तर दुसरं भोक हवं होतं. जगूने एम-सील खरवडायला पेचकस उचलला. मी त्याचा हात धरला. अंगठ्याचा ठसा तसाच ठेवून त्याने बाजूला नवीन भोक पाडलं.

हॉल तोच होता. फळा नवा होता. मुलं ओळीने बसलेली, धोडी मॅडम बाजूला, मागे कमलताई. त्यांना मी स्वतः रानशेतला जाऊन बोलावून आणलं होतं. जगू अॅम्प्लिफायरपाशी, कानांत कापूस. मी फळ्यावर नळी काढली, बाण काढला, आणि मुलांना म्हणालो, "याच ठिकाणी मी एकदा हा बाण उलटा काढला होता. यंत्र बरोबर होतं, मी चुकलो होतो. आणि चूक कळल्यावर गप्प बसलो, ती त्याहून मोठी चूक." मुलं हसली नाहीत. मुलं पेंगतही नव्हती.

दोन थर्मामीटर लावले. एक माझ्याकडे, एक धोडी मॅडमकडे. मी चढता पारा वाचत होतो, ती उतरता वाचत होती. आमचे आवाज एकमेकांपासून लांब लांब जाऊ लागले तशा मागच्या ओळी पुढे सरकू लागल्या. कमलताई मुलांमधून वाट काढत थेट नळीपाशी आल्या.

"अहो गुरुजी," त्या म्हणाल्या, "या कडीवर पाणी सुटलंय. पुसून घेऊ का?" आणि त्यांनी पदराचं टोक पुढे केलं.

जगूने ते पाहिलं. कानांत कापूस होता, त्यामुळे आपला आवाज किती मोठा आहे याचा त्याला अंदाज नसावा. आयुष्यभर भोंग्यामागे राहिलेला तो माणूस भोंग्याशिवाय एवढ्या मोठ्याने बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"राहू दे!"